फौजीची पहिली गाडी बुलेट नसावी

बंगळूरला पोस्टिंग आली आणि बाहेर राहायची परवानगी मिळाली की जवानाला दोन गोष्टी लागतात. भाड्याची खोली आणि मोटरसायकल. खोलीसाठी तो दहा घरं बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो, ॲडव्हान्सवरून मालकाशी घासाघीस करतो. मोटरसायकल मात्र एका संध्याकाळी घेऊन टाकतो. युनिटमधला कुणीतरी पोस्टिंगवर निघालेला असतो, त्याची जुनी बुलेट झाडाखाली उभी असते, किक मारली की आवाज छातीत घुमतो, आणि सौदा पक्का. कागदाचं काय? "बघू रे नंतर, आपलाच माणूस आहे."

ही पद्धत बंद झाली पाहिजे. कुणाला राग आला तरी चालेल.

आधी बुलेटचं बोलू. "फौजी म्हणजे बुलेट" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. सरकारनं पन्नासच्या दशकात सैन्यासाठी बुलेट घेतल्या त्या सीमेवरच्या गस्तीसाठी. तुमची सीमा आता सिल्क बोर्डचा चौक आहे. टॉमटॉमच्या २०२३ च्या पाहणीत बंगळूरच्या मध्य भागात १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागले. म्हणजे ताशी जेमतेम २१ किलोमीटर. या वेगाला ३५० सीसीचं इंजिन काय करणार? क्लच दाबून डावा पंजा दुखणार आणि मांड्या भाजणार, एवढंच.

वजनाचा हिशोब करा. क्लासिक ३५० भरते १९५ किलोच्या आसपास, स्प्लेंडर ११० किलोच्या थोडी वर. मधले ऐंशी किलो म्हणजे गाडीवर अजून एक माणूस. ज्यानं गावाकडं सायकल आणि मामाची लूना यापलीकडं काही चालवलं नाही, त्यानं हे धूड पावसात, उतारावर, बसच्या मागं अर्ध्या फुटावर सांभाळायचं. पहिली गाडी एकदा तरी आडवी होतेच. पडेल तेव्हा पायावर किती किलो येणार, ते घेतानाच ठरतं.

"रविवारी म्हैसूरला जाता येईल," असं एक जण म्हणाला. १ ऑगस्ट २०२३ पासून बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. तुम्ही सर्व्हिस रोडनं जाणार, आणि तिथं १२५ ची गाडीही तेवढ्याच वेळात पोचते. वर्षातल्या चार रविवारांसाठी बाकीचे सगळे दिवस त्रास काढायचा, याला शौकही म्हणवत नाही.

मग घ्यायची कोणती? माझं उत्तर साधं आहे: १०० ते १२५ सीसी, हलकी, आणि एप्रिल २०१९ नंतर बनलेली. तारीख उगाच सांगत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत सीबीएस आणि त्याच्या वर एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसमध्ये चाक जाम होत नाही. नवशिका घाबरला की एकच ब्रेक जोरात दाबतो, आणि बंगळूरचा संध्याकाळचा पाऊस धुळीचा चिखल करून ठेवतो. १५० ची हौसच असेल तर एबीएसवाली घ्या. २०१६ ची चकचकीत १५० स्वस्तात मिळते, कारण हेच तिच्यात नसतं. आणि पहाटे पाचला पीटीसाठी निघाल तेव्हा रस्ता मोकळा असतो. मोकळ्या रस्त्यावर सगळेच जोरात असतात, ट्रकवालेसुद्धा. ब्रेकची गरज तेव्हा सगळ्यात जास्त.

आता कागद. मी एमटीचा माणूस. पोरांबरोबर गाड्या बघायला जातो तेव्हा इंजिनला हात लावायच्या आधी आरसी मागतो. त्यावर हसतात. एका पोरानं युनिटमधल्याच दोस्ताकडून गाडी घेतली होती. आरसीवर नाव होतं तीन मालकांमागच्या माणसाचं. तो रिटायर होऊन गेलेला, फोन बंद. विकणारा खोटारडा नव्हता, त्यानंही ती भरवशावरच घेतली होती. नावावर न झालेली ती गाडी शेवटी मातीमोल भावानं गेली.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून टाकलं: गाडी कितीही हात फिरलेली असो, अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे तुम्ही भरवशावर गाडी देऊन लेहला जाता आणि बंगळूरमध्ये चौथा माणूस कुणाला उडवतो, तर नोटीस तुमच्या साताऱ्याच्या घरी येते. म्हाताऱ्या आईला ती वाचताही येणार नाही. दोस्ती निभावायची असेल तर दोघांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत द्या. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर. थकलेली चलनं परिवहनच्या साइटवर फुकट दिसतात. इंजिन आणि चासीचा नंबर आरसीशी स्वतः बोट ठेवून ताडा.

गावाकडची एमएच गाडी इथं आणू का, असंही विचारतात. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर एनओसी, नवी नोंदणी, नवा टॅक्स. त्यापेक्षा केए नंबरची घ्या आणि पोस्टिंग संपताना इथंच विका. या शहरात नोकरी बदलून जाणारी पोरं रोज गाड्या काढतात. एक-दोन वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली गाडी शोधली तर मिळते.

बघायला सकाळी जा आणि इंजिन गार असताना चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मीटरच्या आकड्यावर जाऊ नका, तो फिरवता येतो. ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचं रबर किती झिजलंय ते बघा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर तेवढे पैसे कमी करा. आणि हेल्मेटचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा, दोन हेल्मेटचे. इथं मागच्यालाही सक्ती आहे.

कुणी म्हणेल, कँटीनमधून नवी स्वस्त पडते. पडते. पण शिकाऊ हातानं पहिला ओरखडा नव्या गाडीवर कशाला? दोन वर्षं जुनीवर हात बसू दे, मग नवी घे, पाहिजे तर बुलेटच घे. तोवर तुला ती पेलता येईल.

रायफल हातात देण्याआधी उस्तादानं आपल्याला ती खोलायला, जोडायला, साफ करायला लावली. नंबर पाठ करून घेतला. रजिस्टरवर सही केल्याशिवाय कोतमधून एकही रायफल बाहेर पडली नाही. ज्या गाडीवर बायको-पोरांना बसवणार, तिला एवढाही नियम नको? या आठवड्यात कुणी गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी आरसी बघा. विकणार असाल तर मूव्हमेंट ऑर्डरच्या आधी आरटीओ गाठा.