काचेआडचं ऊन



शिकागोच्या जानेवारीत बाहेर पारा शून्याखाली असतो आणि दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा छान पट्टा येतो. भारतातून आलेले आई-बाबा नाश्ता झाला की तिथेच खुर्ची ओढून बसतात. गुडघ्यांना शेक मिळतो, आणि ‘तेवढंच डी व्हिटॅमिन’ हे समाधानही. शेक मिळतो हे खरं, पण डी व्हिटॅमिन काही मिळत नाही. आपल्या घराघरांत हा समज पक्का बसलेला आहे, म्हणून या अंकात त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात, ‘ए’ आणि ‘बी’. ‘बी’ किरणांनी त्वचा भाजते, आणि त्वचेत डी व्हिटॅमिन तयार होतं तेही त्यांच्यामुळेच. ‘ए’ किरण जास्त खोल शिरतात, आतल्या थरातलं कोलॅजन मोडतात. त्यातून सुरकुत्या येतात, डाग गडद होतात. खिडकीची साधी काच ‘बी’ किरण जवळजवळ सगळे अडवते आणि ‘ए’ निम्म्याहून जास्त आत सोडते. म्हणजे हवे ते बाहेरच राहतात आणि नको ते घरात येतात. शिवाय काचेआड त्वचा भाजत नाही, लाल होत नाही, त्यामुळे काही बिघडतंय याची जाणीवच होत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयातल्या खिडकीलगतच्या कपाटातलं एखादं जुनं पुस्तक बाहेर काढून बघा. पाठीवरचा लाल रंग उडून फिकट गुलाबी झाला आहे, मुखपृष्ठ मात्र शेजारच्या पुस्तकाला चिकटून राहिल्यामुळे अजून नव्यासारखं आहे.

माणसाच्या चेहऱ्यावर हेच कसं दिसतं, याचं सर्वांत बोलकं छायाचित्र आपल्याच शहरातून प्रसिद्ध झालं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाची नोंद दिली. त्याने २८ वर्षं मालपोहोच ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी; डावी, म्हणजे खिडकीकडची, जाड झालेली आणि खोल सुरकुत्यांनी भरलेली. दुखणं-खुपणं काही नाही, २५ वर्षं ते सावकाश वाढत गेलं होतं.

आपण ट्रक चालवत नाही, पण गाडीशिवाय इथे पानही हलत नाही. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो ‘ए’ किरण जवळपास पूर्ण थांबवतो. बाजूच्या काचांचा असा भरवसा नाही, त्या गाडीगणिक बदलतात. दुपारी डाउनटाउनहून नेपरविल किंवा अरोराकडे निघालात की तोंड पश्चिमेला, डावी खिडकी दक्षिणेला. ऊन थेट डाव्या गालावर आणि स्टिअरिंगवरच्या डाव्या हातावर.

‘आपण सावळे, आपल्याला सनस्क्रीन कशाला?’ हे वाक्य मंडळाच्या प्रत्येक सहलीत ऐकू येतं. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं संरक्षण असतं, गोऱ्यांच्या मानाने त्वचेचा कर्करोगही आपल्यात खूपच कमी. पण वांग आपल्यातच जास्त, विशेषतः बाळंतपणानंतर आणि चाळिशीच्या आसपासच्या बायकांत. महागडी क्रीमं लावून तो थोडा उतरतो आणि उन्हाने पुन्हा वर येतो. त्यात ‘ए’ किरणांइतकाच साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो, म्हणून वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. इतरांनी डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं आहे ना, एवढं नक्की पाहावं. एसपीएफचा आकडा मुख्यतः भाजण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो, नुसत्या त्याच्यावर जाऊ नये.

मग डी व्हिटॅमिनचं काय? आपल्याच अक्षांशावरच्या बॉस्टनमधल्या १९८८ सालच्या अभ्यासात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्या आकाशाखालीही त्वचेत ते तयार होत नाही असं दिसलं. त्यातून सावळ्या त्वचेला ऊन जास्त लागतं. तेव्हा हिवाळ्यात भिस्त आहारावर आणि गोळीवर. इथल्या शिफारशीनुसार सत्तरीपर्यंत रोज ६०० आणि त्यापुढे ८०० युनिट लागतात. रक्तात कमतरता निघाली तर डॉक्टर मात्रा वाढवून देतात.

आई-बाबांची खुर्ची खिडकीतून हलवा असं मी म्हणणार नाही. परदेशातल्या लांबलचक दुपारी तो उजेड त्यांना सोबत करतो, ती हिरावून घेऊ नये. जाळीदार पडदा ओढा, किंवा काचेला अतिनील किरण अडवणारी रंगहीन फिल्म लावून घ्या. गाडीला लावण्याआधी मात्र राज्याचा नियम पाहा.

आणि एक काम आजच करा. आई-बाबांच्या औषधांचा डबा उघडून नावं वाचा. रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड, संसर्गावरचं डॉक्सिसायक्लिन, अशा काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते. ही प्रतिक्रिया बहुधा ‘ए’ किरणांचीच, म्हणजे खिडकी बंद असली तरी उठू शकते. अंगावर उन्हाच्या बाजूलाच चट्टे किंवा खाज दिसली तर गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा आणि आई-बाबा रोज कुठे बसतात हेही सांगा.

— संपादक