माळावरील सौरकेंद्र आणि खातेदार

आपली माळाची जमीन सौर वीजकेंद्रास भाड्यानें द्यावी किंवा कसें, असा प्रश्न आमच्या वर्गणीदारांपैकीं अनेकांनीं अलीकडे विचारिला आहे. प्रत्येकास निराळें उत्तर लिहिण्यापेक्षां आमचें मत येथेंच मांडणें सोयीचें होईल.

महाराष्ट्रांत मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना 2017 सालीं निघाली व 2023 सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. या टप्प्यांतील पहिलें केंद्र, 3 मेगावॅटचें, वैजापूर तालुक्यांत धोंदलगांव येथें 2024 सालीं चालू झालें. विजेच्या उपकेंद्राजवळ जमीन घ्यावयाची, तीवर सौरपाट्या उभारावयाच्या, आणि निघालेली वीज त्याच उपकेंद्रांतून शेतीच्या वाहिनीवर सोडावयाची, असा हा व्यवहार आहे. एका मेगावॅटास चार ते पांच एकर जमीन लागते, आणि भर उन्हांत तेवढ्या विजेवर 5 अश्वशक्तीचे सुमारें 200 पंप चालूं शकतात.

भाडें खातेदारास मिळतें. परंतु आमच्या मतें मोठा लाभ गांवाचा आहे, व तो म्हणजे दिवसां वीज. पौषाच्या थंडींत रात्रीं दोन वाजतां गव्हास दारें धरावयास ज्यास जावें लागलें आहे, त्यास याचें मोल आम्हीं सांगावयास नको. पायांखालीं गारठलेला चिखल, हातांत विजेरी, आणि मनांत सापकिरडाचें भय. जुन्नरकडे तर बिबट्याचेंही. पाणी कोठें फुटलें तें अंधारांत दिसत नाहीं व पुष्कळसें वाहून जातें. दिवसाची वीज जमीन देणाऱ्याच्या विहिरीस मिळते, तशीच त्या वाहिनीवरील शेजाऱ्यासही. शिवाय ग्रामपंचायतीस दर साल 5 लक्ष रुपये याप्रमाणें तीन वर्षें अनुदान योजनेंत ठरलें आहे.

आतां भाड्याविषयीं. दुसऱ्या टप्प्यांत हेक्टरीं सालीना 1,25,000 रुपये, म्हणजे एकरीं सुमारें 50,000, आणि दर साल शेंकडा 3 वाढ, असा दर ठरविण्यांत आला. मुरमाड माळावर कुळीथ-मटकी पेरून एवढें हातीं येत नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पाऊस पडो वा न पडो, रक्कम ठरलेली. मात्र वाढीचा हिशेब पाहावा. शेंकडा तीननें भाडें दुप्पट होण्यास सुमारें 24 वर्षें लागतात. मागील 24 वर्षांत वस्तूंचे भाव दुपटीहून पुष्कळच चढले आहेत. म्हणून आरंभींच्या वर्षांचा पैसा कर्जफेडींत किंवा ठिबकांत घालावा. तो लग्नकार्यांत उडाला, तर पुढें भाड्याचा आंकडा वाढेल आणि घरांतील तंगीही वाढेल.

काळी, पाण्याखालची जमीन मात्र कोणत्याही दरानें देऊं नये. एका पिढीभर गुंतलेलें रान मुलगा शेतीवर परतला तरी त्याच्या उपयोगीं पडणार नाहीं.

आणखी एक गोष्ट पत्रलेखकांपैकीं कोणीच विचारिली नाहीं. माळ सातबाऱ्यावर एकाच्या नांवें असला, तरी त्यावर भूमिहीनांचीं शेरडें-मेंढरें पिढ्यान्‌पिढ्या चरत आलीं आहेत. कुंपण पडलें कीं त्यांची वाट बंद. इंग्लंड-अमेरिकेंत अनेक सौरकेंद्रांच्या आवारांत मेंढ्या चारतात. गवत आटोक्यांत राहतें व कापण्याचा खर्च वांचतो. शेळी पाट्यांवर चढेल, मेंढी चढत नाहीं. तेव्हां मेंढरांस आंत सोडण्याची, निदान गवत कापून नेण्याची मोकळीक गांवास असावी, असें कलम खातेदारानें करारांत घालून घ्यावें. त्याच कागदांत, मुदत संपल्यावर लोखंडी खांब व सिमेंटचे पाये कोणीं आणि कोणाच्या खर्चानें उपटावयाचे, हेंही स्पष्ट असावें. करार मराठींत लिहून घ्यावा, व सही करण्यापूर्वीं सर्व भावाबहिणींसमक्ष मोठ्यानें वाचावा.