उपजत गुणाची सबब

ज्याला ईश्वरी देणगी आहे त्याला श्रम पडत नाहींत, हा समज आमच्या सुशिक्षित घरांत फार खोल रुजलेला आहे. मुलगा वर्गांत पहिला येतो आणि मैदानावरहि चमकतो, एवढें दिसलें कीं सारे निर्धास्त होतात. गणिताचे प्राध्यापक म्हणतात, “याची बुद्धि तीव्र आहे, चार तास बुडाले तरी भरून काढील.” मैदानावरचे शिक्षक म्हणतात, “खेळ याच्या अंगांतच आहे. दोन दिवस सराव चुकला म्हणून काय झालें?” पुढें तो एखाद्या परीक्षेंत वा सामन्यांत घसरला कीं हे दोघेहि एकमेकांकडे बोट दाखवितात आणि आईबाप मैदान बंद करितात. मुलींच्या बाबतींत तर पुष्कळदां घसरण्याचीहि वाट पाहिली जात नाहीं.

उपजत गुणामुळें मनुष्य लवकर शिकतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यामुळें दिवसाचे तास वाढतात असें मानणें हा शुद्ध भाबडेपणा होय.

या भाबडेपणाच्या समर्थनार्थ रॉजर बॅनिस्टर यांचें नांव हमखास घेतलें जातें. ६ मे १९५४ रोजीं त्यांनीं ऑक्सफर्ड येथें एक मैलाचें अंतर ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत तोडलें. त्या वेळीं ते लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि त्या दिवशींहि सकाळचें रुग्णालयांतील काम आटोपून ते आगगाडीनें ऑक्सफर्डला गेले. पाहा, अस्सल गुणाला सराव लागत नाहीं! असें म्हणणारांनीं त्यांचा आदला हिवाळा पाहावा. दुपारच्या सुटींत मैदान गांठून ४४० यार्डांची धांव दहा वेळां, दर दोन धांवांमध्यें दोन मिनिटें विसावा, हा क्रम महिनेच्या महिने चालला होता. एप्रिलांत ६१ सेकंदांवर गाडें अडलें, तेव्हां ते कांहीं दिवस स्कॉटलंडांत डोंगर चढावयास गेले. परतल्यावर तीच धांव ५९ सेकंदांत होऊं लागली. यांत देणगी होतीच. पण हक्काची दुपारची सुटी आणि गांठतां येईल असें मैदानहि होतें. आमच्या किती महाविद्यालयांत या दोन्ही गोष्टी आहेत?

आमच्या देशांतला दाखला म्हणजे एरापल्ली प्रसन्न यांचा. जानेवारी १९६२ मध्यें ते मद्रास येथें पहिला कसोटी सामना खेळले, त्याच वर्षीं वेस्ट इंडीजला गेले, आणि नंतर अभियांत्रिकीची पदवी पुरी करण्यासाठीं कसोटीपासून दूर राहिले. पुढचा कसोटी सामना त्यांना १९६७ सालीं मिळाला. त्यानंतर त्यांनीं विसाव्याच कसोटींत शंभर बळी पुरे केले. “आधीं पदवी, मग खेळ” असें तात्पर्य आईबाप यांतून काढतात. आम्हांला मात्र त्यांत गमावलेलीं पांच वर्षें दिसतात. फिरकी गोलंदाज तिशींतहि पिकत जातो, म्हणून तें नुकसान भरून निघालें. पोहणाऱ्या किंवा धांवणाऱ्या मुलीला तीं वर्षें कोण परत देणार?

विद्या आणि मैदान यांचें मूळचें वैर आहे, हें तर पुण्यांत कोणीं म्हणूंच नये. संस्कृताचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीं १९४४ सालीं, वयाचीं ५२ वर्षें उलटल्यावर, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें काढलीं होतीं.

वैर आहे तें वेळापत्रकाचें. खेळाडूंना परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, प्रवेशासाठीं राखीव जागा मिळतात. सत्कार आणि शालहि मिळते. परंतु ज्या आठवड्यांत विद्यार्थी आंतरविद्यापीठीय सामन्यांसाठीं परगांवीं असतो, त्या आठवड्यांतलें रसायनाचें प्रात्यक्षिक त्याला पुन्हा करूं देण्याची सोय बहुतेक ठिकाणीं नसते. हजेरी कागदावर भरून निघते, प्रयोगशाळेचें कुलूप उघडत नाहीं. कारण उघड आहे: गुण देण्यास कांहीं पडत नाहीं, कुलूप उघडावयाचें तर सहायकाला दोन तास अधिक बसवावें लागतें व त्याचा मोबदला द्यावा लागतो. मग न शिकलेल्या प्रयोगाचे गुण पदरांत टाकून त्याला ‘गुणी’ म्हणून मिरवावयाचें, आणि पुढें कारखान्यांत वा रुग्णालयांत तो अडखळला कीं खेळाला दोष द्यावयाचा! ही खिरापत बंद झाली तरी आम्हांस खेद होणार नाहीं.

पालकांनीं प्रवेशाच्या दिवशीं शुल्काची पावती घेण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: बुडालेलें प्रात्यक्षिक तुम्ही कोणत्या दिवशीं पुन्हा घेतां, आणि सकाळीं मैदानाचें फाटक किती वाजतां उघडतां?