उडायला मिळाले नाही तर?

आमच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात हेलिकॉप्टर उतरते ते बहुधा दोनच निमित्तांनी. एक निवडणुकीची सभा आणि दुसरे एखाद्या हौशी बापाच्या लेकीचे लग्न. दोन्ही वेळा शेतात चुन्याचा गोल आखला जातो, धुरळा उठतो, टोप्या उडतात आणि पोरे डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून पाहत राहतात. त्यांतल्या एखाद्याला आतल्या पुढाऱ्याचे किंवा नवरदेवाचे काहीच अप्रूप नसते. तो पाहत असतो पुढच्या काचेमागे बसलेल्या माणसाकडे. हा लेख त्या पोराविषयी आहे, आणि खरे सांगायचे तर पोरापेक्षा त्याच्या आईवडिलांविषयी.

अवसरी खुर्दची जागा या बाबतीत मोठी गमतीची आहे. मंचरजवळचे, पुणे-नाशिक रस्त्यालगतचे हे गाव. या रस्त्याने दक्षिणेकडे गेले की पुण्यापलीकडे खडकवासला. तिथे १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपली एनडीए. उत्तरेकडे गेले की नाशिकरोड. तिथे २००३ पासून कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, म्हणजे लष्कराचे हेलिकॉप्टर-पायलट जिथे तयार होतात ती शाळा. एका टोकाला अधिकारी घडतो, दुसऱ्या टोकाला पायलट, आणि मधे आपण कांद्या-बटाट्याच्या गाड्या मोजत बसलेलो.

फौज आपल्याला परकी नाही. पण 'फौजेत जाणे' याचा अर्थ घरोघर एकच धरला जातो : भरती. पहाटे (हल्ली बिबट्याच्या धाकाने चांगले उजाडल्यावर) रस्त्याने धावणारी पोरे सोळाशे मीटरची तयारी करत असतात. २०२२ पासून ही भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची झाली. तिथून हेलिकॉप्टरच्या पुढच्या खुर्चीपर्यंत पोचता येते असा पुष्कळांचा समज आहे. सरळ वाट तशी नाही. आपल्या सैन्यदलांत हेलिकॉप्टर चालवतो तो अधिकारी. त्याच्यासाठी परीक्षा वेगळी, वय वेगळे, तयारीही वेगळी. आणि ती दहावीच्या निकालाच्या आसपासच सुरू करावी लागते.

ही माहिती गुप्त नाही. एनडीएची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीला बसलेला मुलगाही अर्ज करू शकतो. मुलींना हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडले आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली. आणि अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्याला पदवीनंतर हवाई दलाच्या 'एएफकॅट' परीक्षेची वाट मोकळी असते. गावात २००९ पासून हे महाविद्यालय आहे. तिथल्या किती मुलांच्या घरी या परीक्षेचे नाव कधी उच्चारले गेले असेल?

खर्चाचे तर बोलायलाच नको, असे म्हणतात; पण बँकेत हयात गेलेल्या माणसाने बोललेच पाहिजे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्यापुढे जातो, आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असे नाही. जमीन तारण ठेवून असे कर्ज काढणारे आहेत. लष्करात मात्र शिकवण्याचा खर्च सरकारचा, आणि एनडीएनंतरच्या अकादमीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन. हे ऐकले की बापाचे डोळे चमकतात. ते चमकू नयेत असे मला वाटते, निदान लगेच तरी.

कर्जाचा अर्ज समोर आला की मी अर्जदाराला एक प्रश्न हमखास विचारीत असे : धंदा चालला नाही तर हप्ता कुठून भराल? उत्तर देताना जो माणूस थोडा थांबे, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसे. इथेही तोच प्रश्न आहे. पोरगा म्हणतो, मला हेलिकॉप्टर चालवायचे आहे. उडायला मिळाले नाही तर?

कारण न मिळण्याची शक्यताच मोठी. एनडीएच्या जाहिरातीत सुमारे चारशे जागा असतात, त्यांतल्या हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या नव्वदच्या आसपास. पाच दिवसांच्या निवड मंडळात उत्तीर्ण झालेल्यालाही वैमानिकाची वेगळी चाचणी द्यावी लागते, आणि ती आयुष्यात एकदाच. नापास झाला तर पुन्हा नाही. पायांची लांबी किमान ९९ सेंटिमीटर हवी. त्यात मेहनतीचा काय संबंध? हे सगळे जमले तरी हैदराबादजवळच्या दुंडिगलला पहिले विमान शिकून झाल्यावर लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर हे ठरते ते कामगिरीवर आणि दलाच्या गरजेवर. लष्कराची रीत आणखी निराळी. तिथे आधी पायदळ, तोफखाना अशा एखाद्या शाखेत अधिकारी व्हायचे आणि मग उड्डाणासाठी नाव द्यायचे. कॅप्टन अभिलाषा बराक हरियाणाच्या. २०१८ मध्ये त्या हवाई संरक्षण शाखेत अधिकारी झाल्या. लष्करी उड्डाण शाखेत तेव्हा स्त्रियांना जमिनीवरचीच कामे होती. दार उघडल्यावर त्या नाशिकरोडला आल्या आणि २५ मे २०२२ रोजी लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून त्यांच्या छातीवर पंख लागले. दार उघडले नसते तरी त्या अधिकारी होत्याच. मला त्यांच्या कथेतला हा भाग जास्त मोलाचा वाटतो. वर्तमानपत्रांनी तो एका ओळीत उरकला.

आता जोखमीबद्दल. सियाचीनवर १९८४ पासून जवानांची जीवनरेषा म्हणजे चीता हेलिकॉप्टर. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की पात्यांना पकड मिळत नाही. मग रॉकेलचा डबा न्यायचा की आजारी माणूस आणायचा, याचा हिशेब किलोकिलोने करावा लागतो. कॅशियरने नोटा मोजाव्यात तसा, फक्त इथे चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही. आणि ही यंत्रे सत्तरच्या दशकातल्या बनावटीची. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेलीला चीता कोसळून तीन अधिकारी गेले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी संघटित होऊन २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटल्या आणि ही जुनी हेलिकॉप्टरे काढून टाकण्याची मागणी केली. बायकांनी नवऱ्याच्या यंत्राचे वय विचारावे, यात मला कुठेही भित्रेपणा दिसत नाही. घरच्यांना तो हक्कच आहे.

नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचे नाव पुष्कळांच्या लक्षात असेल. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये त्यांचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले आणि आतले सहाही जण गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक झाली, असे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. मुलाला पाठवायचे म्हणणाऱ्या आईवडिलांपासून हे लपवू नये. शत्रूच्या गोळीची तयारी सगळे मनातल्या मनात करतात. अशा मरणाची कोणी करत नाही.

हे सगळे ऐकूनही पोरगा किंवा पोरगी म्हणाली, 'उडायला नाही मिळाले तर पायदळात जाईन, पण जाईन', तर त्या घराने आडवे येऊ नये, असे माझे मत आहे. आणि 'मग इंजिनिअरिंग करीन' असे उत्तर आले, तरी रागवायचे कारण नाही. त्याला फौज नको आहे, हेलिकॉप्टर हवे आहे, एवढेच कळले. मुलीच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्नच विचारत नाही, थेट स्थळे पाहायला लागतो.

तोवर एक काम मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे होण्यासारखे आहे. रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखायचे एक पुस्तक असते. पाच मिनिटांचा खेळ. रंगांधळेपणा बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आईला तो जाणवत नाही, आणि मुलाला वाटते जग असेच दिसते. वैमानिकाला तो अजिबात चालत नाही. दहावीच्या सुट्टीत एकदा पाहून घ्यावे. दोन वर्षे अभ्यास करून, पाच दिवसांची मुलाखत पार करून, मग लष्करी इस्पितळात कळण्यापेक्षा ते बरे.