किंग नेमके कुणाचे?

परवा कट्ट्यावर जाम वाजलं. विषय, मार्टिन ल्यूथर किंग! एकाचं म्हणणं, ‘किंग म्हणजे अमेरिकेतले गांधी, संपला विषय.’ दुसरी म्हणाली, ‘अरे, ते पाद्री होते, सगळं बायबलमधून आलंय.’ तिसऱ्याच्या मते हा सगळा डाव्यांचा खेळ. आणि निवाडा कुणी करायचा? अर्थात मी, कारण पत्रकाराला सगळं ठाऊक असतं म्हणे!

तर बघा. किंग यांचे वडील आणि आईचे वडील, दोघंही अटलांटातल्या एकाच चर्चचे पाद्री. स्वतः किंग यांची १९५५ची पीएचडी धर्मशास्त्रातली. माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस टिकला, त्याच्या सभा भरायच्या चर्चमध्येच. म्हणजे दुसरीचा मुद्दा पक्का.

पण १९५६च्या जानेवारीत घरावर बॉम्ब पडला, तेव्हा याच किंग यांच्या घरात बंदुका होत्या. अहिंसा रक्तातच होती वगैरे सब झूठ. बेयार्ड रस्टिन माँटगोमेरीत आले आणि त्यांनी गांधीजींची पद्धत नीट समजावली. हे रस्टिन क्वेकर पंथात वाढलेले आणि एकेकाळी कम्युनिस्ट युवक संघटनेत असलेले. घ्या, तिघांचेही मुद्दे एकाच माणसात!

आणि आता आपलं नागपूर. जेम्स लॉसन नावाचा तरुण मेथडिस्ट १९५३ ते १९५६ हिस्लॉप कॉलेजात होता. गांधीजींचा अभ्यास करून तो परतला, १९५७मध्ये किंगना भेटला आणि पुढे नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उचलण्याची चक्क प्रॅक्टिस द्यायला लागला. नागपूरकर, कॉलर ताठ करा!

पण हा वाद नुसता टाइमपास नाही हं. सल्लागारांच्या कम्युनिस्ट ओळखींचं निमित्त करून एफबीआयने १९६३मध्ये किंग यांचे फोन टॅप केले. ‘यामागे कोण आहे?’ असं विचारलं, की ‘हे म्हणतात ते खरं आहे का?’ हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. आपल्याकडेही कुणी हक्काचं बोललं, की आधी त्याचा झेंडा शोधतातच ना?

म्हणून माझा निवाडा: श्रद्धा चर्चची, पद्धत गांधीजींची, संघटनेचं तंत्र रस्टिनसारख्यांचं. आणि वर्षभर बस सोडून पायी कामावर जाणाऱ्या त्या बायकांचे पाय? ते मात्र त्यांचे स्वतःचे. कट्ट्यावर त्यांचं नाव कुणीच घेतलं नव्हतं.