ऑफिसचं वाय-फाय लॅपटॉपला आत घेत नाही तेव्हा

शहाद्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी नंदुरबारच्या एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीने नोकरीला लागली. काम माहिती भरण्याचं आहे आणि लॅपटॉप घरचाच, भाऊ कॉलेजात असताना वापरायचा तो. हा लॅपटॉप घरी चालतो, मामूंच्या घरी चालतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही चालतो. कार्यालयाच्या वाय-फायवर मात्र ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ एवढं एक वाक्य दाखवून गप्प बसतो. पोरगी रोज स्वतःच्या रिचार्जवर सरकारी फॉर्म भरते आहे. साहेब म्हणतात, ‘सगळ्यांचं चालतं, तुमचंच का चालत नाही?’ शेजारच्या टेबलावरच्या एका भल्या सहकाऱ्याने तोडगा काढला : ‘माझा आयडी-पासवर्ड टाका, काम चालू ठेवा.’ अम्मी विचारतात, टाकावा का?

टाकू नये. सहकाऱ्याची नियत साफ असेल, त्याबद्दल शंका नाही. पण अशा नेटवर्कवर कोणत्या नावाने, किती वाजता, कोणत्या यंत्रावरून कोण आत आलं याची नोंद राहते. उद्या काही गैर घडलं तर जाब त्यांना विचारला जाईल आणि त्यांनी पासवर्ड का दिला हा दुसरा प्रश्न निघेल. शिवाय त्याने मूळ दोष तसाच राहतो. करून पाहण्यासारखी गोष्ट याच्या उलट आहे. मुलीने स्वतःचाच आयडी कार्यालयातल्या दुसऱ्या यंत्रावर किंवा स्वतःच्या फोनवर टाकून पाहावा. तिथे चालला तर खोट लॅपटॉपात आहे. तिथेही चालला नाही तर खोट तिच्या खात्यात आहे, मग लॅपटॉप दहा दुकानांत फिरवला तरी फरक पडणार नाही. निम्मा गुंता या एका चाचणीने सुटतो.

आता घरचं चालतं आणि ऑफिसचं का चालत नाही, ते पाहू. घरच्या वाय-फायला एकच पासवर्ड असतो. अब्बूंना तोच, मुलांना तोच, ईदला आलेल्या पाहुण्यांनाही तोच. कार्यालयात प्रत्येकाचं नाव वेगळं आणि पासवर्ड वेगळा असतो. छताला जो पांढरा डबा लटकलेला दिसतो, तो दारावरच्या शिपायासारखा आहे. आपली चिठ्ठी घेऊन तो आत जातो. आत सर्व्हर नावाचा कारकून वही उघडतो, नाव पाहतो, पासवर्ड पडताळतो आणि हो किंवा नाही कळवतो. या पद्धतीचं तांत्रिक नाव ८०२.१एक्स. तिचं प्रमाण २००१ साली ठरलं आणि आज बँका, रुग्णालयं, विद्यापीठं, मोठी कार्यालयं तीच वापरतात.

मुलीची अडचण नेमकी इथे आहे. नकार का आला हे कारकुनाच्या वहीत लिहिलेलं असतं, पण शिपाई बाहेर येऊन फक्त ‘नाही’ म्हणतो. म्हणून लॅपटॉपच्या पडद्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी कारण सापडत नाही. तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला ‘वाय-फाय चालत नाही’ असं सांगून उपयोग नसतो. ‘आज अकरा वाजून दहा मिनिटांनी, या आयडीने प्रयत्न केला, नकार आला’ असं सांगितलं की तो वहीत ती वेळ काढतो आणि दोन मिनिटांत सांगतो : पासवर्ड चुकीचा, किंवा खातं बंद, किंवा चिठ्ठी आतपर्यंत पोहोचलीच नाही. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत.

त्याच्याकडे जाण्याआधी घरच्या घरी काही गोष्टी तपासता येतात. सर्वांत पहिली म्हणजे घड्याळ. हसू नका. जुन्या लॅपटॉपात आतल्या पट्टीवर नाण्याएवढा एक सेल असतो. लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ तोच धरून ठेवतो. तो संपला की यंत्र सुरू होताना कधी मागच्या वर्षात, कधी दहा वर्षं मागे जातं. ऑफिसचा सर्व्हर जोडणीच्या वेळी आपलं एक प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. लॅपटॉपचं घड्याळ चुकीचं असलं की त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो जोडणी तोडतो. हॉटस्पॉट लावला की घड्याळ बऱ्याचदा आपोआप सुधारतं, त्यामुळे दोष लपून राहतो. सकाळी जोडत नाही आणि हॉटस्पॉट वापरून झाल्यावर दुपारी जोडतो, असं होत असेल तर सेल बदलून घ्या. गावातला कुठलाही दुरुस्तीवाला ते करून देईल, महागाचं काम नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरांत फार घडते : कीबोर्ड. मराठी टायपिंग शिकण्यासाठी भावाने मराठी कीबोर्ड टाकलेला असतो, कुणी उर्दूचाही टाकलेला असतो. पासवर्डच्या जागी फक्त काळे ठिपके दिसतात, त्यामुळे आपण इंग्रजी अक्षरं टाकतो आहोत की भलतंच काही, ते कळत नाही. घड्याळाजवळच्या कोपऱ्यात कोणत्या भाषेची खूण आहे ते पाहा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. कॅप्स लॉकही पाहून घ्या. आणि आयडी व्हॉट्सॲपवरून उचलून चिकटवत असाल तर शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. ती डोळ्यांना दिसत नाही, सर्व्हरला मात्र दिसते. आयडी हाताने टाका.

आयडी कसा लिहायचा यालाही प्रत्येक कार्यालयाचा आपला रिवाज असतो. कुठे नुसता कर्मचारी क्रमांक, कुठे नावापुढे ॲटचं चिन्ह आणि संस्थेचं नाव, कुठे आधी संस्थेचं नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग आपलं नाव. अंदाज बांधू नका, विचारा. कागदावर लिहून मागा.

तिसरी गोष्ट जुन्या पासवर्डची. बऱ्याच कार्यालयांत ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. आपण टेबलावरच्या यंत्रात तो बदलतो, पण लॅपटॉप आणि खिशातला फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहतात. विशेषतः फोन! तो पर्समध्ये पडल्या पडल्या दिवसभर दार ठोठावत राहतो. काही ठिकाणी ठरावीक चुकांनंतर खातं काही वेळासाठी बंद होतं. मग बिचारी मुलगी लॅपटॉपवर बरोबर पासवर्ड टाकते आणि तरी नकार येतो, कारण पर्समधल्या फोनने खातं आधीच बंद पाडलेलं असतं. पासवर्ड बदलला की दोन्ही यंत्रांवर ते नेटवर्क पुसून पुन्हा जोडावं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ इथे जा. ऑफिसच्या नावासमोर ‘फर्गेट’ दाबा, लॅपटॉप बंद करून सुरू करा आणि नव्याने जोडा. भावाच्या काळातल्या काही चुकीच्या सेटिंग्ज साठल्या असतील तर त्याही याने जातात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. एवढं करूनही जोडलं नाही की कुणीतरी जाणकार येतो आणि म्हणतो, ‘ते सर्टिफिकेट तपासणं बंद करा, लगेच चालेल.’ आणि खरंच चालतं! त्यामुळे हा सल्ला गावोगाव पसरला आहे. हा सल्ला घेऊ नका.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर आपण सगळेच ओळख दाखवायला शिकलो. रेशनला दाखवतो, बँकेत दाखवतो, सिमकार्डासाठी दाखवतो. पण समोर बसून आपला अंगठा घेणारा माणूस खरोखर त्या खात्याचा आहे का, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? वाय-फायचंही तसंच आहे. मुलगी आपलं नाव-पासवर्ड देते ती तिची ओळख. सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतो ती त्याची ओळख. तपासणी बंद केली की पहिली ओळख द्यायची आणि दुसरी मागायचीच नाही, असा सौदा होतो.

त्यात धोका काय? वाय-फायचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून एखादा माणूस छोट्या यंत्रावर त्याच नावाचं नेटवर्क सुरू करू शकतो. तपासणी बंद असलेला लॅपटॉप नाव ओळखीचं पाहून तिकडे जातो आणि पासवर्डची देवाणघेवाण त्याच्याशी करून मोकळा होतो. तुम्ही म्हणाल, पासवर्ड उघडा थोडाच जातो? जात नाही, सांकेतिक रूपात जातो. पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी जी एमएस-चॅप व्ही-टू नावाची जुनी पद्धत वापरतात, तिच्यातून एका दिवसाच्या आत पासवर्डाची चावी काढता येते, हे मॉक्सी मार्लिनस्पाइक या सुरक्षातज्ज्ञाने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लास वेगासच्या परिषदेत दाखवून दिलं. ती पद्धत आजही चालते, कारण तिच्याभोवती प्रमाणपत्राच्या तपासणीचं कवच असतं. कवच काढलं की आत फारसं काही उरत नाही. आणि पुष्कळ कार्यालयांत तोच पासवर्ड ईमेलला, रजेच्या अर्जाला, पगाराच्या पावतीलाही चालतो. मुलगी आरोग्याची किंवा शिधापत्रिकांची माहिती भरत असेल तर त्यामागे शेकडो घरांची नावं आहेत. ती तिच्याकडे अमानत आहे.

फोन बनवणाऱ्यांनीही हे ओळखलं आहे. अँड्रॉइड ११ नंतर अनेक फोनांवर ‘तपासू नका’ हा पर्यायच काढून टाकला गेला. तिथे आता सर्व्हरचं नाव भरावं लागतं. लोक म्हणतात, नवा फोन घेतला आणि ऑफिसचं वाय-फाय बंद पडलं. फोन बरोबर वागतो आहे, नाव कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

विंडोज पहिल्यांदा जोडताना विचारतं की हे नेटवर्क इथे असेल अशी तुमची अपेक्षा होती का, नसेल तर हे त्याच नावाचं दुसरं नेटवर्क असू शकतं. बहुतेक जण न वाचता ‘कनेक्ट’ दाबतात. तिथेच प्रमाणपत्राचा तपशील पाहण्याची सोय असते. त्यात थंबप्रिंट नावाची लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ दिसते. नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून ती ओळ एकदा कागदावर घ्या आणि जुळवून पाहा. जुळली तर बिनधास्त पुढे जा. पाच मिनिटांचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे. मात्र हे कार्यालयाच्या इमारतीत बसून करा, बसस्टँडवर नव्हे.

लॅपटॉप कालपर्यंत चालत होता आणि विंडोजचं अपडेट आल्यावर बंद पडला, असं असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून सुरक्षेचे काही नियम कडक झाले आणि जुने सर्व्हर त्यात अडखळतात. हे दुरुस्त करणं कार्यालयाच्या हातात आहे, मुलीच्या नाही.

आणि एक शक्यता आधीच विचारून घ्यायला हवी होती असं मला वाटतं : काही कार्यालयांत खाजगी लॅपटॉपला परवानगीच नसते. फक्त कार्यालयाने नोंदवलेली यंत्रं आत येतात. तसं असेल तर घड्याळ, कीबोर्ड, प्रमाणपत्र, सगळं ठीक असूनही दार उघडणार नाही. मग कार्यालयाने यंत्र द्यावं किंवा हा लॅपटॉप नोंदवून घ्यावा. कंत्राटी पगारातून रिचार्ज भरून सरकारी काम करणं हा उपाय होऊ शकत नाही, आणि हे साहेबांना नम्रपणे पण लेखी सांगायला काहीच हरकत नाही.

जाता जाता, ज्यांची मुलं मोठ्या शहरांत किंवा परदेशात शिकायला गेली आहेत त्यांच्यासाठी. तिथे त्यांना ‘एड्युरोम’ नावाचं नेटवर्क भेटेल. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या क्लास वीरेंगा यांनी ही कल्पना मांडली आणि आज ती शंभराहून अधिक देशांत चालते. भारतात ते काम अर्नेट इंडिया पाहते. आपल्या विद्यापीठाचा आयडी दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या देशातही चालतो, कारण पडताळणी आपल्याच विद्यापीठाचा सर्व्हर करतो. तिथे आयडी पूर्ण लिहावा लागतो, ॲटच्या चिन्हानंतरच्या संस्थेच्या नावासकट. बाकी काळजी हीच, आणि जोडणी जमल्यास निघण्याआधी आपल्याच कॉलेजात करून घ्यावी.

शहाद्याच्या भगिनींनी मुलीला हा मजकूर द्यावा. तिने आपला आयडी आणि वेळा भरून तो कार्यालयातल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला पाठवावा, साहेबांना प्रत द्यावी :

‘सर, माझ्या लॅपटॉपवर कार्यालयाचं वाय-फाय जोडलं जात नाही. आज या या वेळी, या आयडीने तीनदा प्रयत्न केला. याच आयडीने फोनवर जोडलं जातं किंवा जात नाही (जे असेल ते). लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे, जुनं नेटवर्क पुसून पुन्हा जोडून पाहिलं आहे. कृपया सर्व्हरच्या नोंदीत या वेळेला नकाराचं कारण काय दिसतं ते कळवावं. तसंच आयडी लिहिण्याची पद्धत, सर्व्हरचं नाव आणि प्रमाणपत्राचा थंबप्रिंट मिळावा. खाजगी लॅपटॉप जोडायला परवानगी नसेल तर तसं कळवावं, म्हणजे कार्यालयाचं यंत्र मिळण्यासाठी अर्ज करता येईल.’