दोन तारखांमधले बिऱ्हाड

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. पण ते बांधून होईपर्यंत राहावे कोठे, याविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांना तशी गरजही नव्हती. जुने घर उभे असतानाच बाजूला नव्याच्या भिंती चढत आणि एका पावसाळ्याची गैरसोय पडवीत निजून निभावली जाई. आता घर बांधतो एक, त्यासाठी पैसे देते बँक, त्यात राहणार असतो तिसराच. आणि तो तिसरा तोवर ज्या छपराखाली असतो, ते चौथ्याच्या मालकीचे असते. या चौघांच्या पंचांगांत मेळ घालणे हे पत्रिका जुळवण्याहून बिकट काम आहे. गेले चार महिने भंडाऱ्यात बसून मी तोच उद्योग करीत आहे. तेव्हा या सदराच्या नेहमीच्या वाचकांनी दिवाळीपुरते साहित्य बाजूला ठेवून ही घरगुती हकीकत गोड मानून घ्यावी.

माझ्याजवळ दोन कागद होते. पहिला, भाड्याच्या घराचा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार, त्याची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. दुसरा, नव्या फ्लॅटचा नोंदणी केलेला विक्रीकरार. त्यात ताब्याची तारीख 30 जून अशी स्वच्छ लिहिलेली. मध्ये दोन महिन्यांची ऐसपैस जागा मी मुद्दाम राखली होती. जूनमध्ये बिल्डर म्हणाले, “दसऱ्याला देतो.” ऑगस्टमध्ये दसऱ्याची दिवाळी झाली. कारण विचारले, तर म्हणाले, “सर, रेतीच मिळून नाही राहिली ना!”

वैनगंगेच्या काठी राहून रेती मिळू नये, ही मौजच म्हणायची. आमच्या जिल्ह्याच्या रेतीवर नागपुरातले मजले चढतात. पण पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, घाटांचे लिलाव वेळेवर होतीलच असे नसते, आणि त्याच दिवसांत वीटभट्ट्याही थंड पडतात. हे सारे खरे आहे. मात्र ते दरवर्षी खरे असते, आणि करारात तारीख घालताना बिल्डरांना ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

या दोन तारखा कागदावर सारख्या दिसतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. भाडेकराराची तारीख दगडाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि जागा सुटेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. घराच्या ताब्याची तारीख मात्र मेणाची. तिच्याही मागे कायदा आहे. 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 18 सांगते की, ठरल्या तारखेला ताबा न मिळाल्यास ग्राहकाने पैसे व्याजासह परत घ्यावेत, किंवा घर घ्यायचेच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घ्यावे. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरहून दोन टक्के अधिक धरतात. उशिराच्या क्षम्य कारणांची यादी कलम 6 मध्ये आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशी नैसर्गिक आपत्ती. त्या यादीत पूर आहे, रेती नाही. तथापि हे व्याज मागावे लागते, वेळप्रसंगी महारेराकडे तक्रार करावी लागते, आणि ते हाती येते तेव्हा येते. दुप्पट भाडे महिनाअखेरीसच दारात उभे राहते.

शिवाय हे रेराचे छत्र सर्वांच्या डोक्यावर नाही. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला नोंदणीची सक्ती नाही, आणि भंडाऱ्यासारख्या गावात अशा सहा-आठ बिऱ्हाडांच्या इमारती गल्लोगल्ली उठत आहेत. आमच्या इमारतीत बारा सदनिका, म्हणून आम्ही छत्राखाली आलो. घर पाहायला जाणाऱ्याने स्वयंपाकघराचा ओटा मोजण्याआधी सदनिका मोजाव्यात, असे मला वाटते.

आता दुप्पट दंडाचे हे कलम वाचून मालकांना कठोर ठरवू नका. आमचे घरमालक, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, त्यांच्या वडिलांच्या काळी उलटे होते. विदर्भात 1949 चा ‘सी. पी. अँड बेरार’ भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यात भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला नियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे. काकाजींच्या वडिलांनी एका गृहस्थांना ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून दिलेल्या खोल्या बावीस वर्षांनी परत मिळाल्या. तो आदेश नव्या कायद्याने 31 मार्च 2000 पासून गेला, पण घराघरांतली धास्ती गेली नाही. भाडेकरू ‘थोडे दिवस’ म्हणाला की काकाजींच्या डोळ्यांपुढे ती बावीस वर्षे उभी राहतात. आणि यंदा त्यांचा मुलगा लग्न करून त्याच घरात बिऱ्हाड मांडणार होता. तुळशीचे लग्न आटोपताच यांच्याकडे मांडव पडायचा.

आमच्या सौभाग्यवतींनी हिशेब मांडला. भाडे 8,000. मंजूर कर्जापैकी पंधरा लाख बँकेने हप्त्याहप्त्याने बिल्डरांना दिलेले. त्यावर साडेआठ टक्क्यांनी नुसते व्याजच महिन्याला 10,625. म्हणजे एका घरात राहून दोन घरांचे 18,625. मुदत ओलांडली तर 26,625. “आणि या पैशांत एक वीटसुद्धा आपली होत नाही,” असे म्हणून त्यांनी वही मिटली. मुलगी दहावीत, आई शहात्तर वर्षांची. सामान कोठेही ठेवता येते. आईला कोठे ठेवायचे?

बिल्डरांनी एक तोड सुचवली. “सर, तुम्ही राहाले या ना! किल्ली देतो. कागद मागून येईन.” कागद म्हणजे नगरपरिषदेचे भोगवटा प्रमाणपत्र. मोह मोठा होता. पण त्या प्रमाणपत्राशिवायचे घर म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अजून बांधकामच. नळ जोडायचा बाकी, लिफ्टच्या जागी फळ्या ठोकलेल्या, आणि आईला तिसऱ्या मजल्यावर चढवायचे. शिवाय एकदा आपण आत गेलो की बिल्डरांची घाई संपते. करारातल्या शेवटच्या हप्त्याचीही ताब्याशी गाठ घातलेली असते. ती आपणच का सोडावी? भंडाऱ्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी शहराच्या वस्त्यांत शिरले होते. पाण्याचा निचरा कोठे जातो, हे त्या प्रमाणपत्राआधी कोणीतरी पाहिलेले बरे. मी किल्ली घेतली नाही. त्याऐवजी कलम 18 चा हवाला देऊन पत्र पाठवले. पहिल्या पत्राला हसू मिळाले. पोचपावतीसह गेलेल्या दुसऱ्या पत्राला उत्तर आले: नवी तारीख आणि उशिराचे व्याज शेवटच्या हप्त्यातून वळते करण्याची कबुली, दोन्ही लेखी.

काकाजींकडे मी मुदत संपण्याच्या आधीच, पोळ्याच्या सुमारास गेलो. तोंडी सवलत मागितली नाही. म्हटले, “काकाजी, दीड महिना हवा. नवा कागद करू, नोंदणी करू, खर्च माझा. त्या तारखेला मी नसेन, मग नवे घर झालेले असो वा नसो.” अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही अशी समजूत अजून आहे, परंतु आपल्या राज्यात कलम 55 प्रमाणे असा करार, कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदलेलाच लागतो. काकाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सर, तुम्ही स्वतःहून तारीख बोलले. माझ्या बापाले कोणी बोललं नव्हतं.” काकूंनी चहा आणला, आणि दीड महिन्याचे भाडे जुन्याच दराने ठरले.

तिसरे बिऱ्हाड शोधायचे ठरले ते तेव्हाच. जवळच दोन खोल्या मिळाल्या, तळमजल्यावर. आता प्रश्न तिथीचा. पितृपक्षात सामान हलवायचे नाही, असे आईचे मत. आणि घट बसला की नवरात्रभर तो हलवायचा नाही, असे शास्त्र. दोहोंमध्ये उरली ती सर्वपित्रीनंतरची एक रात्र. घटस्थापनेच्या पहाटे पाच वाजता टेम्पो दाराशी आला आणि दहाला आईने नव्या खोलीत घट मांडला.

टेम्पो भरायला माझे चार विद्यार्थी आले होते. त्यांतल्या एकाचे गाव पवनी तालुक्यात गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलेले. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या त्या धरणाने कित्येक गावांची घरे बदलली. पेटी उचलता उचलता तो सहज म्हणाला, “सर, आमच्या इथं तारीख पाण्यानं ठरवली होती.” मी त्याला पेटी सांभाळून ठेवायला सांगितले, दुसरे काय बोलणार?

माझी पुस्तके मात्र अजून काकाजींकडेच, माळ्यावर आहेत. दोन खोल्यांत ती मावेनात, तेव्हा त्यांनीच ठेवून घेतली. त्याचा कागद त्यांनी मागितला नाही, मीही केला नाही. यंदाचा आकाशकंदील तळमजल्याच्या खिडकीत लागेल. नव्या इमारतीत लिफ्ट आली आहे, नळाची जोडणी झाली आहे, आणि भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज नगरपरिषदेत आहे. ते निघाले की दोन महिन्यांच्या आत ताबा घेण्याचे बंधन, रेराप्रमाणे, माझ्यावर! सौभाग्यवतींनी वास्तुशांतीच्या पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देऊन ठेवला आहे. नावे, पत्ता, भोजनाची वेळ सारे जुळवून झाले आहे; तारखेपुरती जागा छापखानेवाल्याने मोकळी सोडली आहे.